उड्डाणाचा आरंभ : विमानप्रवासाच्या सुरक्षेचा इतिहास आणि तिची परिभाषा

विमानप्रवासाविषयी बोलताना मराठीत ‘सुरक्षितता’ आणि ‘सुरक्षा’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात. वस्तुतः त्यांच्या घडणीतच अर्थभेद आहे. ‘सुरक्षित’ या धातुसाधितापासून साधलेले ‘सुरक्षितता’ हे नाम एका स्थितीचा निर्देश करते. उलट ‘सुरक्षा’ ही क्रिया होय. कोणीतरी, कोणापासून तरी, कशाचे तरी रक्षण करीत आहे असे त्या शब्दात अभिप्रेत असते, म्हणजेच त्यात एक प्रतिपक्ष गृहीत धरलेला असतो. विमानविद्येत हा भेद काटेकोरपणे पाळला जातो. इंग्रजीत पहिल्या अर्थी ‘सेफ्टी’ व दुसऱ्या अर्थी ‘सिक्युरिटी’ असे शब्द आहेत. फ्रेंचमध्ये मात्र गंमत अशी की, ‘सिक्युरिटी’शी रूपाने जुळणारा ‘सेक्युरिते’ हा शब्द सुरक्षितता या अर्थी वापरला जातो आणि शत्रूपासून करावयाच्या संरक्षणाला ‘स्युरते’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कागदपत्रांचे भाषांतर करणाऱ्याने केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून चालत नाही, याचा हा बोलका पुरावा होय.

हा भेद मराठवाड्यातील एका घटनेने स्पष्ट होईल. २६ एप्रिल १९९३ रोजी त्या वेळच्या औरंगाबाद येथील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान मुंबईकडे निघाले. धावपट्टीच्या टोकाबाहेरून जाणाऱ्या बीड रस्त्यावर त्या वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठी लादलेला एक ट्रक चालला होता. विमानाची चाके त्या ट्रकला धडकली, पुढे विमान विजेच्या उच्चदाब तारांवर आदळून कोसळले आणि ११८ जणांपैकी ५५ जण मृत्यू पावले. चौकशीत वैमानिकाने विमान उशिरा उचलल्याचा ठपका आला, तसाच उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील रहदारी आवरली न गेल्याचाही आला. येथे प्रतिपक्ष कोणीच नव्हता. ट्रकचालकाच्या मनात विमानाचा विचारही नसावा. हा सुरक्षिततेचा भंग होता, सुरक्षेचा नव्हे. परंतु या घटनेतून निघणारा एक प्रश्न दोन्ही क्षेत्रांना समान आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. तो प्रश्न असा : विमानाचे उड्डाण नेमके कोठे आणि केव्हा सुरू होते?

हिंगोली जिल्ह्यात नियमित विमानसेवा नाही. वसमत वा कळमनुरी येथून परदेशी निघालेल्या माणसाच्या दृष्टीने प्रवास घराच्या उंबरठ्यापाशी सुरू होतो आणि नांदेड, हैदराबाद किंवा मुंबई येथे त्याला विमान मिळते. विमान कंपनीच्या दृष्टीने तो नोंदणीच्या खिडकीपाशी सुरू होतो, पहारेकऱ्याच्या दृष्टीने विमानतळाच्या दाराशी, आणि कायद्याच्या दृष्टीने कोठे सुरू होतो हे कोणता कायदा हाती घ्यावा यावर अवलंबून असते. गेल्या सत्तर वर्षांत विमानप्रवासाच्या रक्षणाचा जो इतिहास घडला, तो बव्हंशी या आरंभबिंदूला क्रमाक्रमाने मागे, म्हणजे जमिनीकडे, सरकवीत नेण्याचा इतिहास आहे.

त्या इतिहासातील एक आरंभीचे आणि अतिशय बोधप्रद प्रकरण भारतीय विमानाचे आहे. त्यातील कित्येक नावे मराठी वाचकाला घरची वाटावीत अशी आहेत. १९५५ च्या एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची परिषद भरावयाची होती. चिनी शिष्टमंडळातील काही सदस्यांना आणि वार्ताहरांना हाँगकाँगहून जाकार्ता येथे नेण्यासाठी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ नावाचे लॉकहीड काँस्टेलेशन विमान ठरविण्यात आले. पंतप्रधान चौ एन-लाय हे याच विमानाने जाणार असा समज होता. प्रत्यक्षात त्यांनी बेत बदलला आणि ते नंतर दुसऱ्या मार्गाने गेले. ११ एप्रिल रोजी हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून विमान निघाले. त्यात अकरा प्रवासी आणि आठ कर्मचारी होते. कॅप्टन दा. का. जटार हे वैमानिक, मा. चिं. दीक्षित हे सहवैमानिक, ज. चं. पाठक हे मार्गनिर्देशक आणि अनंत कर्णिक हे देखभाल-अभियंता होते. ग्लोरिया बेरी या विमान-परिचारिका होत्या.

उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, अठरा हजार फूट उंचीवर, एक स्फोट ऐकू आला. उजव्या पंखात, आतल्या बाजूच्या इंजिनामागे, आग दिसू लागली आणि सामानाच्या कप्प्यातील आगीचा इशारा देणारा दिवा लागला. जटार यांनी ते इंजिन बंद केले. बिनतारी यंत्र बंद पडण्यापूर्वी नातुना बेटांजवळील आपल्या स्थानाची खूण देणारे तीन संकटसंदेश पाठविण्यात आले. विद्युत्मंडले निकामी होत होती आणि वैमानिकांच्या कक्षात धूर शिरत होता. अशा अवस्थेत प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे देण्यात आली आणि पाण्यात पडताच बाहेर पडता यावे म्हणून संकटकालीन दारे उघडण्यात आली. उजवा पंख प्रथम पाण्याला लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले. एकोणीस जणांपैकी सोळा जण गेले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघेच वाचले. भारत सरकारने या विमानाच्या कर्मचाऱ्यांच्या शौर्याचा गौरव अशोकचक्र-श्रेणीच्या सन्मानांनी केला. जटार आणि बेरी यांच्या वाट्याला तो मरणोत्तर आला. पुढे कर्णिक यांनी या घटनेवर विमानाच्याच नावाचे पुस्तक लिहिले.

येथे मराठीतील आणखी एक शब्दयुग्म उपयोगी पडते. ‘अपघात’ आणि ‘घातपात’ या दोन्ही शब्दांत ‘घात’ आहे, म्हणजे मूळ धातू एकच आहे. तथापि आजच्या वापरात पहिला शब्द हेतू नाकारतो, तर दुसरा हेतूची ग्वाही देतो. विमान कोसळते त्या क्षणी दोहोंचे दृश्य रूप एकच असते. कोणता शब्द लावावयाचा हे अवशेषांवरून ठरते. चीनने दुसऱ्याच दिवशी ही घटना घातपाताची असल्याचे जाहीर केले. परंतु आरोप म्हणजे निर्णय नव्हे. विमान इंडोनेशियाच्या हद्दीजवळ पडल्याने चौकशी त्या देशाने केली, समुद्रातून अवशेष वर काढण्यात आले, आणि २६ मे १९५५ रोजी निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उजव्या बाजूच्या चाकाच्या कप्प्यात वेळ लावलेले स्फोटक ठेवण्यात आले होते. विमान जर पूर्णतः खोल पाण्यात नाहीसे झाले असते, तर ‘अपघात’ हाच शब्द कायम राहिला असता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

चाकाच्या कप्प्यात स्फोटक ठेवणारा कोण? प्रवासी त्या जागी पोहोचू शकत नाही. हाँगकाँगच्या पोलिसांनी संशय घेतला तो विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीतील एका सफाई कामगाराचा. कुओमिंतांगच्या हस्तकांनी त्याला पैशाच्या लोभाने वश केले होते असे तपासात पुढे आले. विमानापाशी जाण्याचा त्याला अधिकार होता, किंबहुना जाणे हेच त्याचे काम होते. आणि हे घडले ते धोक्याची पूर्वसूचना असताना. चीनने उड्डाणाच्या आदल्या दिवशीच ब्रिटिश अधिकाऱ्यांना सावध केले होते. पहारा कोणाला अडविण्यासाठी ठेवावयाचा याविषयीची कल्पनाच येथे अपुरी पडली. पहारेकऱ्याची नजर बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसावर असते, आणि हा माणूस तर आतलाच होता.

याच वर्षी अमेरिकेत घडलेली एक घटना शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९५५ रोजी डेन्व्हरहून निघालेले युनायटेड कंपनीचे विमान स्फोटाने फुटून ४४ जण मेले. एका तरुणाने विम्याच्या रकमेसाठी आपल्या आईच्या सामानात स्फोटक ठेवले होते. खटला भरण्याची वेळ आली तेव्हा असे दिसून आले की, प्रवासी विमान स्फोटाने उडविणे हा संयुक्त संस्थानांच्या संघीय कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही. अखेर त्याच्यावर कोलोरॅडो संस्थानच्या कायद्याखाली केवळ एका व्यक्तीच्या, म्हणजे आईच्या, खुनाचा खटला चालविण्यात आला. उरलेल्या ४३ जणांच्या मृत्यूला कायद्याच्या भाषेत त्या वेळी पुरेसा शब्द नव्हता. पुढील वर्षी, १९५६ मध्ये, तो कायदा झाला.

विमान पळविण्याच्या गुन्ह्यालाही अशीच नावाची अडचण होती. वृत्तपत्रांनी सुरुवातीला सागरी प्रतिमा उचलली आणि ‘हवाई चाचेगिरी’ असा शब्द रूढ केला. तो चित्रदर्शी खरा, पण कायद्याला निरुपयोगी ठरला. १९५८ च्या खुल्या समुद्रांविषयीच्या जिनीव्हा करारात चाचेगिरीची जी व्याख्या आहे, तिला दोन वाहने लागतात : एका जहाजातील किंवा विमानातील माणसांनी दुसऱ्यावर चाल करून गेले पाहिजे, आणि तेही खाजगी स्वार्थासाठी. विमान पळविणारा मात्र तिकीट काढून त्याच विमानात बसलेला असतो, आणि पुष्कळदा त्याचा हेतू राजकीय असतो. म्हणजे व्याख्येच्या दोन्ही अटी त्याला चुकविता येतात. मराठीने नंतर ‘अपहरण’ हा शब्द स्वीकारला आणि तोच टिकला. या निवडीत मराठीची एक सूक्ष्म जाण दिसते. एकाच धातूपासून आलेल्या दोन शब्दांपैकी ‘अपहार’ पैशाचा होतो आणि ‘अपहरण’ माणसाचे होते. विमान ही वस्तू असूनही मराठीने त्याला माणसाच्या पंक्तीला बसविले, कारण पळविले जाते ते धातूचे यंत्र नव्हे, त्यातील माणसे होत, हे बोलणाऱ्यांना नेमके जाणवले.

आता आरंभबिंदूकडे वळावयाचे. आंतरराष्ट्रीय करारांनी या गुन्ह्यांना कायद्याच्या कक्षेत आणले तेव्हा त्यांना प्रथम ‘उड्डाणात’ या शब्दाची व्याख्या करावी लागली. १९६३ च्या टोकियो कराराने सर्वसाधारणतः असे मानले की, उड्डाणासाठी इंजिनाची शक्ती लावली जाते त्या क्षणापासून उतरल्यानंतरची धाव संपेपर्यंत विमान उड्डाणात असते. त्याच करारात विमानप्रमुखाच्या अधिकारांपुरती निराळी, दारे बंद होण्यापासूनची, व्याख्या दिली आहे, म्हणजे एकाच दस्तऐवजात एका शब्दाला दोन सीमा आहेत. १९७० च्या हेग कराराने विमान बळकावण्याच्या गुन्ह्यासाठी ही दुसरी सीमा घेतली : प्रवासी चढल्यानंतर बाहेरची सर्व दारे बंद होतात तेथपासून, उतरण्यासाठी त्यांपैकी एखादे उघडले जाते तेथपर्यंत. १९७१ च्या माँट्रिअल कराराने घातपाताचा विचार केला आणि ‘उड्डाणात’च्या जोडीला ‘सेवेत’ हा नवा शब्द आणला. एखाद्या विशिष्ट उड्डाणासाठी जमिनीवरील कर्मचाऱ्यांनी किंवा विमानातील कर्मचाऱ्यांनी तयारी सुरू केली की विमान ‘सेवेत’ दाखल होते, आणि उतरल्यानंतर चोवीस तासांपर्यंत ते सेवेत राहते.

या तीन व्याख्या काई ताकच्या घटनेला लावून पाहाव्यात. चाकाच्या कप्प्यात स्फोटक ठेवले गेले तेव्हा विमान जमिनीवर उभे होते, इंजिने थांबलेली होती. टोकियोच्या किंवा हेगच्या अर्थाने ते ‘उड्डाणात’ नव्हते. सोळा वर्षांनंतरच्या माँट्रिअल व्याख्येतच ते कृत्य प्रथम नीट सामावते. आणि त्या व्याख्येतील शब्द मोठे सूचक आहेत. उड्डाणाचा आरंभ तेथे वैमानिकाच्या हाताने होत नाही, जमिनीवरील कर्मचाऱ्याच्या हाताने होतो. १९५५ मध्ये ज्या प्रकारच्या हाताने विमानाचा नाश झाला, त्याच प्रकारच्या हाताला कायद्याने १९७१ मध्ये आरंभबिंदू म्हणून मान्यता दिली.

भारतात या काळात अनुभव येत होते ते अपहरणांचे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे फोकर विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेले आणि ते पुढे तेथे जाळण्यात आले. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले बोइंग ७३७ लाहोरला नेण्यात आले. या दुसऱ्या घटनेनंतर शासनाने समिती नेमली आणि जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान-वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी एक कक्ष स्थापन झाला. आजच्या नागरी विमान-वाहतूक सुरक्षा ब्यूरोचा तो उगम होय. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनौहून दिल्लीला जाणारे विमान दोघांनी वाराणसीला उतरावयास लावले. त्यांच्या हाती खेळण्यातले पिस्तूल आणि चेंडू होता. ‘गंगा’च्या वेळीही शस्त्रे खोटीच होती. शब्दशास्त्राच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटणे साहजिक आहे. अशा प्रसंगी विमानाची दिशा बदलते ती शस्त्राने नव्हे, उच्चाराने. ‘माझ्याजवळ बाँब आहे’ हे वाक्य वरकरणी विधान आहे. प्रत्यक्षात ते आज्ञा आहे आणि ते खोटे असले तरी आज्ञा म्हणून पूर्णपणे परिणामकारक ठरते. हेग करारात बळाबरोबरच बळाच्या धमकीचा उल्लेख आहे तो यासाठीच. १९८२ मध्ये भारताने अपहरणविरोधी अधिनियम केला. त्याच वर्षी घातपाताविरुद्धचा दुसरा अधिनियम झाला. या दुसऱ्या अधिनियमाच्या इंग्रजी शीर्षकात ‘सेफ्टी’ हा शब्द आहे, म्हणजे आरंभी सांगितलेला भेद कायद्याचा मसुदा करणारेही नेहमी पाळतातच असे नाही.

अपहरणाच्या भीतीने प्रवाशाची झडती आली. अमेरिकेत सर्व प्रवाशांची तपासणी जानेवारी १९७३ पासून सक्तीची झाली आणि १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेने सुरक्षेविषयीचे सतरावे परिशिष्ट स्वीकारले. मराठीत ‘अंगझडती’ हा नेमका, पण काहीसा बोचरा शब्द होता. विमानतळाने तो टाळून ‘सुरक्षा तपासणी’ हा सौम्य शब्द पत्करला. प्रवासी त्यामुळे कमी अवघडतो की नाही हे सांगणे कठीण. परंतु या झडतीच्या मागे एक गृहीत होते : शत्रू विमानात स्वतः बसतो, म्हणून त्याला स्वतःच्या जिवाची पर्वा असते.

२३ जून १९८५ रोजी ते गृहीत कोसळले. टोरांटो व माँट्रिअल येथून लंडन, दिल्ली व मुंबई या मार्गाने येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे जंबो विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३१ हजार फूट उंचीवर फुटले आणि ३२९ जण मृत्यू पावले. ज्या बॅगेत स्फोटक होते ती व्हँकुव्हर येथे एका प्रवाशाच्या नावाने नोंदविण्यात आली होती. पुढच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती; तरी त्याने हट्ट धरला आणि बॅग पुढच्या विमानापर्यंत परस्पर पाठविण्यास नोंदणी-कर्मचारी राजी झाली. बॅग गेली, माणूस चढलाच नाही. टोरांटो येथे क्ष-किरण यंत्र बंद पडल्याने उरलेल्या सामानाची तपासणी हातात धरावयाच्या एका लहान उपकरणाने उरकण्यात आली. त्याच दिवशी टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवावयाची एक बॅग फुटून सामान हाताळणारे दोघे कामगार मेले.

कनिष्कच्या प्रकरणात चूक कोणा एकाची असे म्हणता येत नाही. नोंदणीच्या खिडकीपाशी रांग होती, प्रवासी आग्रही होता, नियमाचे कारण कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. नियम जेव्हा केवळ गैरसोय म्हणून अनुभवास येतो तेव्हा तो सौजन्यापोटी मोडला जातो, आणि ३२९ जणांच्या मृत्यूच्या साखळीत असे एक सौजन्य आहे. त्यानंतर जगभर जो दंडक क्रमशः प्रस्थापित झाला तो वरकरणी अगदी साधा आहे : माणूस नाही तर त्याची बॅगही नाही. आजही एखादा प्रवासी शेवटच्या क्षणी न आल्यास विमान थांबवून त्याचे सामान शोधून खाली उतरविले जाते, आणि बसलेले लोक कुरकुरतात. भारतात १ एप्रिल १९८७ रोजी सुरक्षा ब्यूरोला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला तो याच घटनेच्या पाठोपाठ.

मधल्या काळात, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, मुंबईहून निघालेले पॅन अॅम कंपनीचे विमान कराची येथे उभे असताना चौघे शस्त्रधारी विमानतळाच्या सुरक्षा-वाहनासारख्या दिसणाऱ्या गाडीतून, सुरक्षारक्षकांच्या वेषात, थेट विमानापाशी आले. वैमानिक कक्षातून निसटल्याने विमान जमिनीवरच अडकले. नीरजा भनोत आणि सुमारे वीस जण या प्रकरणात बळी पडले. येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. गणवेष हीसुद्धा एक भाषा आहे आणि ती खोटी बोलता येते, ही पहिली. दुसरी अशी की, हल्ला झाला तेव्हा प्रवासी चढत होते, दारे उघडी होती. हेग कराराची व्याख्या शब्दशः घेतली तर ते विमान ‘उड्डाणात’ नव्हतेच. ही फट आंतरराष्ट्रीय कायद्याने बुजविली ती २०१० मध्ये. त्या वर्षीच्या बीजिंग येथील जोड-कराराने अपहरणाच्या गुन्ह्यालाही ‘सेवेत’ ही विस्तृत सीमा लागू केली आणि ‘कोणत्याही तांत्रिक साधनाने’ विमानाचा ताबा घेणे हेही गुन्ह्यात अंतर्भूत केले. शत्रू विमानात नसताना, दूर कोठेतरी यंत्रापुढे बसून विमानाला चुकीचा संकेत देऊ शकतो, याची ती कबुली होती.

डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीकडे निघालेल्या विमानाचे कंदाहारपर्यंत झालेले अपहरण आणि तीन कैद्यांच्या मुक्ततेने झालेला त्याचा शेवट सर्वज्ञात आहे. २००० सालापासून भारतातील विमानतळांची सुरक्षा क्रमशः केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यात आली. आरंभ जयपूरला झाला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर वैमानिकांच्या कक्षाची दारे मजबूत झाली, ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये उघडकीस आलेल्या कटानंतर द्रव पदार्थांवर मर्यादा आली. प्रत्येक उपाय मागच्या घटनेकडे तोंड करून उभा आहे, ही टीका नेहमी ऐकू येते आणि ती पुष्कळशी खरीही आहे. पण ती करणाऱ्याने हेही मानले पाहिजे की, मागची घटना पुन्हा तशीच घडू न देणे हेही लहान काम नव्हे.

भारताने २०१६ मध्ये नवा अपहरणविरोधी अधिनियम केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. ‘सेवेत’ ही संज्ञा त्याने स्वीकारली आणि विश्वसनीय धमकी देणे हाही गुन्हा ठरविला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाच्या स्वच्छतागृहात अपहरणाची भाषा असलेली एक चिठ्ठी सापडली आणि विमान अहमदाबादला उतरविण्यात आले. नव्या अधिनियमाखालील हा पहिला खटला होय. विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये आरोपीस जन्मठेप दिली आणि २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. लिखित शब्द हाच गुन्ह्याचे साधन असला की, तो कोणी लिहिला हे सिद्ध करणे हाच सारा खटला होऊन बसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर भारतीय विमान कंपन्यांना समाजमाध्यमांतून बाँबच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. खोटी असण्याची शक्यता कितीही मोठी असो, ऐकणाऱ्याला ती खरी धरूनच वागावे लागते. बोलणाऱ्याला काहीच खर्च नाही. ऐकणाऱ्याला विमान उतरवावे लागते, प्रवासी खाली घ्यावे लागतात, प्रत्येक बॅग उघडावी लागते.

तथापि सर्वांत बिकट प्रश्न आजही काई ताकचाच आहे. विमानापाशी रोज जाणारी माणसे शेकड्यांनी असतात : सामान चढविणारे, इंधन भरणारे, भोजनाच्या गाड्या आणणारे, सफाई करणारे, यंत्रे दुरुस्त करणारे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोमालियातील मोगादिशू येथून निघालेल्या विमानात संगणकातील स्फोटकाने भोक पडले, तेव्हा विमानतळावरील कॅमेऱ्याच्या चित्रणात दोन कामगार तो संगणक प्रवाशाच्या हाती देताना दिसले. भारतात अशा प्रत्येक कामगाराला पोलिसांमार्फत पूर्वेतिहासाची पडताळणी झाल्यावरच प्रवेशपत्र मिळते, आणि प्रवासी चढण्यापूर्वी रिकाम्या विमानाची जी पाहणी होते तिच्या नावातच घातपाताचा उल्लेख आहे. परंतु पडताळणी माणसाचा भूतकाळ सांगते. काई ताकच्या कामगाराला पैसे देऊ करण्यात आले त्यापूर्वीची पडताळणी निष्कलंकच आली असती. शिवाय संशय सर्वांवर सारखा ठेवता येत नाही. तो ठेवला तर काम चालत नाही, आणि न ठेवला तर पहारा उरत नाही. बव्हंशी तो सर्वांत कमी वेतनाच्या माणसावर येऊन ठरतो, मग त्याचा दोष असो वा नसो. नारिता येथे जे दोघे मेले तेही सामान हाताळणारे कामगारच होते. आणि काश्मीर प्रिन्सेसमधून जे तिघे वाचले त्यांपैकी कर्णिक हे जमिनीवर विमानाची निगा राखणाऱ्यांच्याच वर्गातले होते.

काई ताकच्या त्या सफाई कामगाराविरुद्ध हाँगकाँगमध्ये अधिपत्र निघाले. परंतु चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध होण्याच्या आठ दिवस आधी, १८ मे १९५५ रोजी, तो विमानाने तैवानला निघून गेला होता. तैवानने त्याला परत पाठविण्यास नकार दिला, आणि त्या सोळा मृत्यूंबद्दल कोणत्याही न्यायालयात खटला उभा राहिला नाही.